कारखान्यातल्या स्काडाची स्क्रिप्ट-भाषा नव्या आवृत्तीवर नेताना

स्काडा (कारखान्यावर देखरेख आणि नियंत्रण ठेवणारं) किंवा एचएमआय (ऑपरेटरच्या स्क्रीनचं) सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेताना आपलं लक्ष तीन गोष्टींकडे असतं: स्क्रीन नीट उघडतात का, ड्रायव्हर पीएलसीशी, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाशी, बोलतो का आणि लायसन्स लागू होतं का. यातलं काही बिघडलं तर पहिल्या पाच मिनिटांत कळतं. स्क्रिप्टचं तसं नाही. सॉफ्टवेअरच्या पोटातला इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग, बदलला की काही स्क्रिप्ट एरर देऊन थांबतात. त्या दुरुस्त करणं सोपं असतं, कारण लॉगमध्ये ओळ क्रमांकासह सगळं लिहून येतं. खरा घात त्या स्क्रिप्ट करतात, ज्या काहीही तक्रार न करता चालत राहतात आणि पूर्वीपेक्षा वेगळा आकडा लिहितात. अशा आकड्यावर कुणी बॅच मंजूर करतं, कुणी स्टॉक धरतं, कुणी पंप चालू करतं.

म्हणून या लेखातली पद्धत 'स्क्रिप्ट चालते का' या प्रश्नाभोवती नाही. 'स्क्रिप्ट काल जे उत्तर देत होती तेच आज देते का, आणि देत नसेल तर का' हा प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारायचा आहे. मुख्य उदाहरण पायथन २ वरून ३ वर जाण्याचं घेतलं आहे, कारण सगळ्यात जास्त खाचखळगे तिथे आहेत. पायथन २.७ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण कारखान्यांत ती भाषा अजून हजारो टॅगमागे (टॅग म्हणजे स्काडातली नाव दिलेली एकेक किंमत) चालते आहे.

उडी नेमकी किती मोठी आहे?

सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक आणि आतल्या भाषेचा आवृत्ती क्रमांक यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. इग्निशन या स्काडा सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. त्याच्या ७.९ मध्ये जायथन (जावावर चालणारं पायथन) २.५ होतं आणि २०१९ साली आलेल्या ८.० मध्ये जायथन २.७ आलं. सॉफ्टवेअर पूर्ण बदललं, भाषा मात्र पायथन २ च्याच घराण्यात राहिली. जायथनची पायथन ३ शी जुळणारी स्थिर आवृत्ती अजून निघालेलीच नाही, त्यामुळे जायथनवर उभ्या असलेल्या सॉफ्टवेअरला ती उडी आज मारताच येत नाही. कोडेसिस या पीएलसी प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरच्या इंजिनिअरिंग स्क्रिप्ट आयर्नपायथन (डॉटनेटवर चालणारं पायथन) २.७ वर चालतात. आयर्नपायथनची ३.४ ही आवृत्ती २०२२ च्या अखेरीस आली.

तेव्हा पहिलं काम अगदी छोटं: जुन्या आणि नव्या, दोन्ही सिस्टिमच्या स्क्रिप्ट कन्सोलमध्ये सिस मॉड्यूलचं व्हर्जन छापून बघा आणि ती ओळ जशीच्या तशी कागदपत्रांत चिकटवा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात 'पायथन सपोर्ट' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून काहीही ठरवता येत नाही. इंटरप्रिटर सी मध्ये लिहिलेला आहे, जावावर आहे की डॉटनेटवर, हेही नोंदवा. पुढे लायब्ररींचा प्रश्न येतो तेव्हा सगळं यावरच ठरतं.

पायथनऐवजी दुसरी भाषा असेल तरी तत्त्व हेच. लुआ ५.३ मध्ये, म्हणजे २०१५ साली, पूर्णांक हा वेगळा प्रकार आला आणि १० भागिले २ याचं छापील उत्तर '५' ऐवजी '५.०' येऊ लागलं. ज्यांनी टाकीचा क्रमांक असा भागाकारातून काढून टॅगच्या नावाला जोडला होता, त्यांची स्क्रिप्ट 'टँक_५.०' नावाचा टॅग शोधू लागते. व्हीबीस्क्रिप्टची गोष्ट आणखी वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती भाषा टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचं जाहीर केलं, म्हणजे तिथे आवृत्ती नव्हे, भाषाच बदलावी लागणार. अशा वेळी स्क्रिप्ट रूपांतरित करण्याचा हट्ट धरू नये. काम काय होतं ते समजून घेऊन नव्याने लिहिणं माझ्या मते जास्त सुरक्षित.

स्क्रिप्ट कुठे कुठे दडल्या आहेत ते शोधा

प्रोजेक्टच्या लायब्ररीत असलेला कोड सगळ्यांना दिसतो. पण स्काडाची निम्मी बुद्धी इतर ठिकाणी विखुरलेली असते: बटणाच्या क्लिकवर, टॅगची किंमत बदलल्यावर, टायमरवर, क्लायंट सुरू होताना, अलार्मच्या मार्गिकेत, रिपोर्टच्या डेटा सोर्समध्ये, टेम्प्लेटच्या आत, कधी डेटाबेसच्या एखाद्या रकान्यात मजकूर म्हणून ठेवलेली आणि चालवताना उचलली जाणारी. शिवाय सर्व्हरच्या टास्क शेड्युलरमध्ये एखादी फाइल असते. तिला प्रोजेक्टचा पत्ता नसतो, पण ती रोज रात्री प्रोजेक्टचाच डेटा उचलते.

शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सगळा प्रोजेक्ट मजकूर स्वरूपात एक्सपोर्ट करायचा, एक्सएमएल किंवा जेसन जे मिळेल त्यात, आणि तो गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, टाकायचा. मग त्यात शोध घेता येतो आणि पुढचा प्रत्येक बदल ओळीगणिक दिसतो. बायनरी स्वरूपात अडकलेल्या जुन्या प्रोजेक्टमधून स्क्रिप्ट हाताने कॉपी कराव्या लागल्या तरी कराव्यात. कंटाळवाणं काम आहे, पण नंतरची प्रत्येक पायरी या यादीवर उभी आहे.

यादी झाली की प्रत्येक स्क्रिप्टपुढे एकच गोष्ट लिहा: ती शेवटी करते काय? काही स्क्रिप्ट प्रत्यक्ष यंत्रापर्यंत जातात. त्या सेटपॉइंट (यंत्राने गाठायची किंमत), रेसिपी (एखाद्या मालासाठी ठरलेल्या किमतींचा संच), चालू-बंद आज्ञा लिहितात. काही स्क्रिप्ट असे आकडे तयार करतात ज्यावर माणूस किंवा वरची ईआरपी (कंपनीच्या कारभाराची सिस्टिम) निर्णय घेते. उरलेल्या फक्त रंग बदलतात, पॉपअप उघडतात, स्क्रीन पालटतात. कोडच्या ओळी किती यावरून प्राधान्य ठरवू नका. तीनशे ओळींची पॉपअपची स्क्रिप्ट बिघडली तर ऑपरेटर फोन करतो. सेटपॉइंट मोजणारी चार ओळींची स्क्रिप्ट बिघडली तर फोन येत नाही, माल बिघडतो.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. सुरक्षेशी संबंधित इंटरलॉक, म्हणजे धोका असताना यंत्र रोखणारी अट, स्क्रिप्टमध्ये आढळला तर त्याचं रूपांतर करू नका. तो पीएलसीत किंवा सेफ्टी कंट्रोलरमध्ये हलवा. स्काडाचा सर्व्हर कधीही रीस्टार्ट होऊ शकतो. माणसाचा जीव त्याच्यावर टांगलेला नसावा.

हात लावण्याआधी जुन्या वागणुकीची नोंद

ही पायरी गाळली जाते, आणि नंतर 'पूर्वी किती येत होतं?' या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं. जुनी सिस्टिम चालू आहे तोवरच तिचं वागणं टिपता येतं.

पहिल्या दोन गटांतल्या, म्हणजे यंत्राला लिहिणाऱ्या आणि आकडे तयार करणाऱ्या, प्रत्येक स्क्रिप्टसाठी इनपुट आणि आउटपुट यांच्या जोड्या गोळा करा. हिस्टोरियनमध्ये (टॅगच्या जुन्या किमती साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये) दोन्ही बाजूंचे टॅग असतील तर अर्धं काम झालेलंच आहे. नसतील तर जुन्या स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ घालून इनपुट, आउटपुट आणि वेळ एका फाइलमध्ये लिहायला लावा. आउटपुटबरोबर त्याचा प्रकारही लिहा: पूर्णांक, दशांश, मजकूर की रिकामं. पुढे दिसेल की निम्मे घोटाळे किमतीत नसून प्रकारात असतात.

नुसता नेहमीचा दिवस टिपून भागत नाही. शिफ्ट बदलताना, मध्यरात्री, महिनाअखेरीला काय होतं ते हवं. काउंटर ६५५३५ वरून शून्यावर येतो तो क्षण हवा. उत्पादन शून्य असलेली शिफ्ट हवी, उणे आकडा देणारा सेन्सर हवा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीएलसीशी संपर्क तुटलेला असतानाची स्थिती हवी. या गोष्टी नेमक्या त्याच काळात घडल्या नाहीत तर सिम्युलेटरवर मुद्दाम घडवून नोंदवा.

चाचणीचा सर्व्हर खऱ्या पीएलसीपासून तोडा

नव्या आवृत्तीची चाचणी वेगळ्या सर्व्हरवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर करायची हे सगळ्यांना माहीत असतं. चूक पुढे होते. जुन्या सिस्टिमचा बॅकअप त्या सर्व्हरवर उतरवला की त्यात पीएलसीचे खरे आयपी पत्तेही येतात. सर्व्हर सुरू होतो, टायमरच्या स्क्रिप्ट जाग्या होतात आणि अर्धवट तपासलेला कोड चालू यंत्राला आज्ञा लिहू लागतो. हे टाळायला फक्त सेटिंगवर विसंबू नका. चाचणीचा सर्व्हर अशा नेटवर्कवर ठेवा जिथून पीएलसीपर्यंत रस्ताच नाही. ईमेल आणि एसएमएसचे सर्व्हरही तसेच तोडा, नाहीतर मध्यरात्री ड्यूटीवरच्या माणसाला खोटे अलार्म जातील.

पीएलसीच्या जागी सिम्युलेटर लावा. सिम्युलेटरचा ड्रायव्हर बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आलेलाच असतो. लायसन्सचीही सोय बघून घ्या. इग्निशनसारखं सॉफ्टवेअर लायसन्सशिवाय दोन तासांच्या चाचणी मुदतीत चालतं आणि ती मुदत पुन्हा पुन्हा सुरू करता येते. इतरांकडे विक्रेत्याकडून तात्पुरतं लायसन्स मागावं लागतं आणि ते मिळायला वेळ लागतो, म्हणून मागणी आधीच करून ठेवा.

जुन्या सिस्टिमवर असतानाच कोड नव्याला जुळता करा

रूपांतर आणि स्थलांतर एकाच दिवशी करायचं नाही, हा या सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम. जेवढा कोड जुन्या इंटरप्रिटरवर राहूनच दोन्हीकडे चालेल असा करता येतो, तेवढा आधी करा आणि तो जुन्या सिस्टिमवर काही आठवडे चालू द्या. बिघडलं तर कारण एकच असेल: तुमचा बदल. इंटरप्रिटर, ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिम असे दहा संशयित समोर नसतील.

पायथन २.६ पासून 'एक्सेप्ट ... अॅज' ही नवी मांडणी चालते, प्रिंटला कंस लावता येतो, 'आयओ' मॉड्यूलमधलं 'ओपन' वापरून फाइलचं एन्कोडिंग स्पष्ट सांगता येतं. डिक्शनरीचं 'हॅझ-की' काढून त्याजागी साधं 'इन' लिहिणं त्याहून जुन्या आवृत्त्यांतही चालतं. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ आत्ताच साफ करा. पायथन ३ ती सहन करत नाही.

फ्यूचर मॉड्यूलमधून 'डिव्हिजन' आयात केलं की जुन्या पायथनमध्येही भागाकार नव्या पद्धतीने होतो. याला मात्र एक अडचण आहे. ही आयात फाइलच्या अगदी सुरुवातीला असावी लागते आणि तिचा परिणाम त्या एका फाइलपुरताच असतो. अनेक स्काडा सॉफ्टवेअर बटणाच्या किंवा टॅगच्या स्क्रिप्टला स्वतःच्या एका फंक्शनमध्ये गुंडाळतात. तिथे ही ओळ लिहिली तर सिंटॅक्स एरर येतो. अशा ठिकाणी एकतर कोड लायब्ररीत हलवावा आणि बटणात फक्त एका फंक्शनला हाक मारावी, किंवा प्रत्येक भागाकार हाताने स्पष्ट लिहावा. मी पहिल्या पर्यायाच्या बाजूचा आहे. बटणात एकच ओळ असली की चाचणी लायब्ररीची घेता येते, स्क्रीन उघडून बटणं दाबत बसावं लागत नाही.

आणि 'एक्सेप्ट: पास'. हे दोन शब्द जिथे जिथे आहेत तिथे लॉग लिहिणारी ओळ घाला, आज, जुन्या सिस्टिमवरच. नव्या भाषेने दिलेला प्रत्येक एरर 'एक्सेप्ट: पास' गिळून टाकतं, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे.

यंत्रवत बदलांसाठी '२टू३' हे साधन चांगलं आहे. पायथन ३.१३ मधून ते काढून टाकलं आहे, त्यामुळे त्यासाठी आधीची एखादी आवृत्ती बाजूला ठेवा. सी-पायथन (सी मध्ये लिहिलेलं मूळ पायथन) २.७ ला उणे ३ हा पर्याय देऊन चालवलं तर पुढे अडणाऱ्या बऱ्याच जागांचे इशारे मिळतात. पण ही साधनं व्याकरण दुरुस्त करतात. अर्थ बदलला तर त्यांना कळत नाही, तो पुढच्या पायरीत आपणच शोधायचा.

जिथे अर्थ बदलतो त्या जागा

भागाकार सगळ्यांना ठाऊक असतो, तरी तोच सर्वांत जास्त सुटतो. पायथन २ मध्ये ७ / २ म्हणजे ३, पायथन ३ मध्ये ३.५. चांगला माल १८७, एकूण २००; जुनी स्क्रिप्ट १८७ गुणिले १०० भागिले २०० करून ९३ टक्के दाखवत होती, नवी ९३.५ दाखवेल. नवं उत्तर बरोबरच आहे, पण खाली कुठे 'टक्केवारी ९३ पेक्षा जास्त असेल तर' अशी अट असेल तर तीच शिफ्ट काल नापास होती आणि आज पास आहे. दशांश उत्तर यादीचा क्रमांक म्हणून वापरलं तर एरर येतो, हे बरंच. ते मजकुराला जोडून टॅगचं नाव बनवलं तर वर लुआमध्ये सांगितलेला प्रकार इथेही होतो.

दुरुस्ती करताना जुनं वागणं हवं असेल तर दुहेरी तिरकी रेघ, म्हणजे // वापरा. भागाकार करून तो 'इंट' मध्ये टाकू नका. धन आकड्यांसाठी दोन्ही सारखंच उत्तर देतात, पण -७ // २ म्हणजे -४ आणि 'इंट' मधून काढलेलं उत्तर -३. शून्याच्या खाली जाणारं तापमान किंवा उलट्या दिशेचा एन्कोडर असेल तर हा फरक नक्की गाठतो.

आता राउंडिंग जवळून पाहू. वजनकाटा अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाचतो आणि स्क्रिप्ट पोत्याचं वजन पूर्ण किलोत लिहिते असं समजा. पायथन २ चं 'राउंड' अर्ध्याला नेहमी शून्यापासून दूर नेतं: ४९.५ चे ५०, ५०.५ चे ५१. पायथन ३ चं 'राउंड' अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं: ४९.५ चे ५० आणि ५०.५ चेही ५०. चाचणी करणाऱ्याने ४९.५ घालून पाहिलं तर दोन्ही सिस्टिम ५० देतील आणि तो पुढे जाईल. म्हणून राउंडिंगच्या चाचणीत सम आणि विषम, दोन्ही पूर्णांकांच्या पुढचा अर्धा घ्यावाच लागतो. वाचनं सगळ्या टप्प्यांवर सारखी पसरलेली असतील तर दर चार वाचनांत एक वाचन एका किलोने कमी दिसेल. १०,००० पोत्यांमागे साधारण २,५०० किलोचा फरक रिपोर्टमध्ये पडेल. एकूण बेरजेला नवी पद्धतच सत्याच्या जास्त जवळ आहे. पण ती स्वीकारायची की डेसिमल मॉड्यूलचा 'हाफ-अप' नियम वापरून जुनी टिकवायची, हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवायचं नाही. ज्याच्या सहीने तो रिपोर्ट जातो त्याला दोन्ही आकडे दाखवा आणि त्याचा निर्णय लिहून घ्या.

रिकाम्या किमतीचा प्रश्न याहून गंभीर. पीएलसीशी संपर्क तुटला की अनेक सॉफ्टवेअरमध्ये टॅग वाचल्यावर 'नन' मिळतं. पायथन २ मध्ये 'नन' कुठल्याही आकड्यापेक्षा लहान धरलं जातं. स्क्रिप्टमध्ये 'पातळी २० पेक्षा कमी असेल तर भरण्याचा पंप चालू कर' असं लिहिलं असेल, तर संपर्क तुटताच अट खरी ठरते आणि पंपाला चालू होण्याची आज्ञा जाते. पायथन ३ मध्ये हीच तुलना टाइप-एरर देते आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. वरकरणी हे चांगलं, पण त्याच स्क्रिप्टमध्ये खाली 'पातळी कमी' हा अलार्म देणारी ओळ असेल तर ती आता कधीच चालणार नाही. म्हणजे जुनी सिस्टिम चुकीच्या कारणाने का होईना, ऑपरेटरला जागं करत होती. नवी गप्प राहील. इथे एकच योग्य उपाय आहे: प्रत्येक वाचनाबरोबर टॅगची गुणवत्ता तपासायची, ती वाईट असेल तर काय करायचं हे प्रोसेस इंजिनिअरला विचारायचं आणि ते शब्दांत लिहून मग कोडमध्ये उतरवायचं. अशा तुलना शोधायला वेळ लागतो. द्या तो वेळ. या एका कामासाठी बाकी काही मागे ठेवावं लागलं तरी चालेल.

बाइट आणि मजकूर यांचं वेगळेपण यंत्रांशी थेट बोलणाऱ्या स्क्रिप्टला भोवतं. बारकोड स्कॅनर सॉकेटवरून कोड पाठवतो, स्क्रिप्ट तो अपेक्षित मजकुराशी ताडून पाहते आणि जुळला तर पट्टा पुढे सोडते. पायथन २ मध्ये सॉकेटवरून आलेलं आणि कोडमध्ये लिहिलेलं, दोन्ही एकाच प्रकारचं होतं. पायथन ३ मध्ये सॉकेटवरून बाइट येतात आणि बाइटची मजकुराशी 'बरोबर आहे का' ही तुलना एरर न देता सरळ 'नाही' असं उत्तर देते. प्रत्येक खोका बाद होऊ लागतो आणि लॉग स्वच्छ असतो. याच्या उलटही होतं: बाइट 'एसटीआर' मध्ये घातले तर आधी बी हे अक्षर आणि अवतरण चिन्हं जोडलेला मजकूर तयार होतो आणि तोच डेटाबेसमध्ये जातो. जिथे बाहेरून डेटा आत येतो त्या दाराशीच तो डीकोड करावा आणि आत सगळीकडे मजकूरच वापरावा. पायथन ३ ला उणे बी पर्याय देऊन चालवलं तर अशा तुलनांचे इशारे मिळतात, उणे बीबी दिलं तर सरळ एरर मिळतो. पोटातल्या इंटरप्रिटरला असे पर्याय देता येत नसतील तर लायब्ररीची चाचणी बाहेरच्या पायथनवर घ्या. मॉडबसच्या (उपकरणांशी बोलण्याच्या एका जुन्या पद्धतीच्या) दोन रजिस्टरमधून दशांश संख्या जुळवणारा कोडही इथेच तपासा, कारण बाइटच्या क्रमांकाने उचललेला घटक आता अक्षर नसून थेट आकडा असतो आणि त्यावरचं 'ऑर्ड' अडतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सीएसव्ही फाइल पूर्वी 'डब्ल्यूबी' पद्धतीने उघडायची, आता 'डब्ल्यू' आणि रिकामी न्यूलाइन. डिक्शनरीतल्या नोंदींचा क्रम पायथन ३.७ पासून घातलेल्या क्रमाने राहतो. डिक्शनरीवरून फाइलचे रकाने लिहीत असाल आणि वरची सिस्टिम रकान्याच्या जागेवरून वाचत असेल, तर रकाने अदलाबदल होतील. 'मॅप', 'फिल्टर' आणि 'झिप' आता यादी देत नाहीत. एकदा फिरवले की संपतात, दुसऱ्यांदा बेरीज शून्य येते. शून्याने सुरू होणारे आकडे, उदाहरणार्थ ०१०, पूर्वी अष्टमान पद्धतीत ८ धरले जायचे, आता ती चूक मानली जाते. पायथन २ मध्ये 'पिकल' करून, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या स्वरूपात, ठेवलेल्या रेसिपी असतील तर त्या जुन्या सिस्टिमवरच जेसनमध्ये काढून घ्या.

लायब्ररी आणि सॉफ्टवेअरची स्वतःची फंक्शन

भाषेबरोबर तिचं सामानसुमानही बदलतं. पायथन ३.१२ मधून 'इम्प' आणि 'असिंककोर' गेले, ३.१३ मधून 'टेलनेटलिब' गेलं. जुन्या उपकरणांशी टेलनेटवरून बोलणाऱ्या स्क्रिप्ट कारखान्यात बऱ्याच असतात, तेव्हा हे नाव यादीत मुद्दाम शोधा. जावावरच्या इंटरप्रिटरमध्ये सी मध्ये लिहिलेल्या पायथन लायब्ररी चालत नाहीत. तिथे जावाच्या क्लासना थेट हाक मारलेली असते, आणि सॉफ्टवेअरने आतला जावा बदलला की त्या हाका तुटू शकतात.

विक्रेत्याची स्वतःची फंक्शनही याच वेळी बदललेली असतात. इग्निशन ८ मध्ये टॅग वाचण्याचं जुनं 'रीड' चालतं, पण त्याची जागा 'रीड-ब्लॉकिंग'ने घेतली आहे. अशी जुनी फंक्शन चालत असतील तर स्थलांतराच्या वेळी त्यांना हात लावू नका. एका वेळी एकच बदल. ही सफाई सिस्टिम स्थिरावल्यावर करता येते.

दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी

आता नोंदवलेल्या जोड्या बाहेर काढा. तीच इनपुट नव्या सिस्टिमला द्या आणि आउटपुट ताडून पाहा, किंमत आणि प्रकार दोन्ही. दशांश आकड्यांसाठी किती फरक चालेल हे तुलना करण्याआधी ठरवा. आकडे पाहून मग मर्यादा ठरवली तर ती सोयीची ठरते. मजकूर, पूर्णांक आणि चालू-बंद आज्ञा यांत मात्र फरकाला जागा नाही.

यानंतर शक्य असेल तिथे नवी सिस्टिम खऱ्या पीएलसीवरून फक्त वाचायला लावा. लिहिण्याची परवानगी पीएलसीच्या किंवा ओपीसी सर्व्हरच्या (पीएलसीचा डेटा इतर सॉफ्टवेअरला देणाऱ्या मध्यस्थाच्या) बाजूने बंद ठेवा, आणि ज्या किमती तिने लिहिल्या असत्या त्या तिच्या स्वतःच्या मेमरी टॅगमध्ये जाऊ द्या. जुनी सिस्टिम काय लिहिते आणि नवी काय लिहिणार होती, हे दोन ट्रेंड एकाच पानावर लावा. किमान एक पूर्ण उत्पादन चक्र, त्यात एक रेसिपी बदल आणि एक शिफ्ट बदल, असं चालू द्या. सापडलेल्या प्रत्येक फरकापुढे तीनपैकी एक शेरा हवा: नवं चूक, जुनं चूक किंवा दोन्ही चालतील. 'जुनं चूक' निघालं तरी ते गुपचूप दुरुस्त करू नका. उत्पादन विभागाने त्या चुकीच्या आकड्याला जुळवून आपले सेटपॉइंट बसवलेले असू शकतात.

औषधनिर्माणासारख्या नियंत्रित उद्योगात ही तुलना चेंज कंट्रोलच्या फाइलमध्ये जोडली जाते. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी '२१ सीएफआर भाग ११' हा अमेरिकी नियम लागू असेल तर भाषेची आवृत्ती बदलणं हा प्रमाणित सिस्टिममधला बदल ठरतो, त्यामुळे गुणवत्ता विभागाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

बदलाचा दिवस

प्रोजेक्टचा बॅकअप, सर्व्हरचा संपूर्ण बॅकअप, डेटाबेसचा बॅकअप आणि जुन्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, या चार गोष्टी त्या सर्व्हरच्या बाहेर असायला हव्यात. शेवटची हमखास विसरली जाते. बॅकअप घेतला एवढं पुरत नाही, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून सिस्टिम उभी राहते हे आधीच पाहिलेलं असावं. त्याला किती वेळ लागतो तेही मोजा, कारण परत फिरण्याची शेवटची वेळ त्यावरून ठरते: सकाळी सहाला उत्पादन सुरू व्हायचं असेल आणि जुनी सिस्टिम उभी करायला दोन तास लागत असतील, तर पहाटे साडेतीनला निर्णय घ्यायचा. 'अजून दहा मिनिटं बघू' असं म्हणणारा माणूस प्रत्येक टीममध्ये असतो, म्हणून ही वेळ आणि परत फिरण्याच्या अटी आधी लिहून त्यावर सह्या घ्या.

परत फिरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट सर्व्हर मागे नेतो, पीएलसी मागे नेत नाही. नव्या सिस्टिमने पीएलसीत लिहिलेले सेटपॉइंट तिथेच राहतात. म्हणून बदलाआधी स्क्रिप्ट ज्या ज्या पत्त्यांवर लिहितात त्या सगळ्यांच्या किमती एका तक्त्यात काढून ठेवा.

लिहिणाऱ्या स्क्रिप्ट एकदम चालू करू नका. आधी दाखवणाऱ्या, मग मोजणाऱ्या, शेवटी लिहिणाऱ्या, आणि त्याही एकेका लाइनच्या. प्रत्येक गटासाठी एक चालू-बंद टॅग ठेवला असेल तर हे सोपं जातं, आणि रात्री काही बिघडलं तर ऑपरेटरला त्या एका गटाचा पुरवठा तोडता येतो. तो टॅग कुठे आहे, तो बंद केल्यावर कोणतं काम हाताने करावं लागेल, हे शिफ्टवरच्या माणसांना प्रत्यक्ष दाखवा. त्यांना भाषेच्या आवृत्तीशी देणंघेणं नसतं, पण आकडा विचित्र दिसतोय हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं. त्यांनी सांगितलेली प्रत्येक शंका वेळेसह वहीत उतरवा, क्षुल्लक वाटली तरी.

पहिल्या आठवड्यात स्क्रिप्टचा एरर लॉग रोज वाचायचा आणि सर्व्हरची मेमरी पाहायची. नव्या इंटरप्रिटरवर एखादी टायमर स्क्रिप्ट धीमी झाली तर ती आधीचं काम संपायच्या आत पुन्हा सुरू होते आणि कामं साचत जातात. पहिला महिनाअखेरचा रिपोर्ट हाताने तपासा. वर्षअखेरीला चालणाऱ्या स्क्रिप्ट यादीत वेगळ्या खुणेने ठेवा आणि त्या चालेपर्यंत जुना सर्व्हर, नेटवर्कपासून तोडलेला पण सुरू होईल अशा स्थितीत, सांभाळून ठेवा.